सांग्रे दे क्रिस्तोच्या पायथ्याशी

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात मी तीन आठवडे अमेरिकेत होतो. माझा धाकटा भाऊ गेली बावीस वर्षे कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात राहतो. दर नाताळच्या फोनवर त्याचे पालुपद ठरलेले असे, "दादा, एकदा ये." २०१९ साली आई गेली आणि त्या पालुपदाचा सूर बदलला. आता आम्ही दोघेच उरलो होतो आणि दोघांच्या मध्ये वसईची वडिलोपार्जित वाडी. धर्मप्रांतीय धर्मगुरूला मालमत्ता नसावी असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या सातबारावर मात्र माझे नाव अजून आहे, आणि त्या नावाने मला त्या तीन आठवड्यांत जेवढे अस्वस्थ केले तेवढे पूर्वी कधी केले नव्हते.

अमेरिकेत पाहिलेल्या सगळ्याच गोष्टींचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचतो. मी एका शनिवारविषयी लिहिणार आहे. त्या दिवशी आम्ही जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर अंतर कापले.

भावाने चार दिवसांसाठी एक गाडी भाड्याने घेतली होती. तिकडे तिला 'आर. व्ही.' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चाकांवरचे घर. चालकाच्या डोक्यावर निजायचा माळा, मध्ये जेवणाचे मेज, शेगडी, शीतकपाट, कपाटाएवढी न्हाणी आणि मागे एक बिछाना. ज्येष्ठ म्हणून तो बिछाना मला मिळाला. माळा पुतणीने बळकावला. नवरा-बायको रात्री मेज खाली पाडून त्याचाच पलंग करीत.

या घराचे सारे वैभव मोजून मिळणारे असते. पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटर. त्यात चार माणसांचे धुणे, भांडी, आंघोळ. साबण लावताना नळ बंद करायचा, अशी भावजयीने सर्वांना तंबी दिली होती. मी एक तांब्या आणि एक लहानशी बादली मागून घेतली व सहा-सात लिटरमध्ये आंघोळ उरकली. पुतणीला तो चमत्कार वाटला. सांडपाण्याच्या टाक्या निराळ्या. त्या रिकाम्या करण्याचे काम माझ्या भावाकडे होते. एका मोठ्या संगणक कंपनीत पन्नास माणसांवर अधिकार गाजवणारा हा गृहस्थ सकाळी रबरी हातमोजे चढवून, मान वळवून, मैल्याची जाडजूड नळी गटाराच्या तोंडात खुपसत होता. मला हसू आवरेना. "हस," तो म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, अखेर पोरगा कामाला लागला."

शुक्रवारी रात्री आम्ही वॉल्सेनबर्ग गावाजवळच्या लाथ्रॉप स्टेट पार्कमध्ये मुक्काम केला होता. सकाळी निघण्यापूर्वी भावजय एक छापील कागद घेऊन उभी राहिली व मोठ्याने वाचू लागली. पाण्याची नळी काढली? विजेची तार गुंडाळली? छताची झडप मिटली? पायरी आत घेतली? कपाटांच्या कड्या लावल्या? प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी "हो" म्हणायचे. मला आमच्या सॅक्रिस्टनची आठवण झाली. मिस्सापूर्वी तोही असाच बोटांवर मोजत असतो. एवढे करूनही पहिल्या वळणाला कपाटातून एक पातेले बाहेर पडून गडगडत मागे गेलेच.

समोर दोन डोंगर उभे होते. स्पॅनिश पीक्स. मूळच्या आदिवासींनी त्यांना दिलेल्या नावाचा अर्थ 'धरतीचे स्तन' असा सांगतात. मुख्य पर्वतरांगेपासून बाजूला, सपाट माळातून ते एकदम उठतात. पश्चिमेचे शिखर साडेतेरा हजार फुटांहून उंच आहे. त्यांच्या अंगातून काळसर दगडी भिंती चारी दिशांना धावत गेल्या आहेत. माणसाने बांधल्या असाव्यात इतक्या सरळ. प्राचीन काळी भूगर्भातील तप्त रस खडकाच्या भेगांत शिरला, थिजला, मग भोवतालचा मऊ खडक पाऊस-वाऱ्याने झिजून गेला आणि ही कठीण पाती तेवढी उभी राहिली. भाऊ म्हणाला, "बघ, इथे देवानेसुद्धा कंपाउंड वॉल बांधल्यात." त्याने ते सहज म्हटले. मला ते सहज ऐकता आले नाही. का, ते पुढे सांगतो.

एकशे साठ क्रमांकाचा रस्ता चढू लागला. ला वेटा खिंड ९,४१३ फुटांवर आहे. आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर उभे राहूनही या खिंडीकडे मान वर करूनच पाहावे लागेल. सहा टनांच्या आसपास वजनाचे ते घर चढणीवर धापा टाकू लागले. मागून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली. भाऊ वरचेवर रुंद कडेला थांबून त्यांना वाट देई. कोणी भोंगा वाजवला नाही. उलट जाताना हात हलवीत.

खिंडीच्या दोन्ही अंगांना अ‍ॅस्पेनची झाडे सोनेरी झाली होती. पांढऱ्या सडपातळ खोडांवर पिवळी धमक पाने. देठ चपटे असल्यामुळे वाऱ्याच्या हलक्याशा झुळुकीनेही ती थरथरतात. गडद हिरव्या सूचिपर्णी रानातून असा एखादा पिवळा पट्टा खाली उतरत येतो, तेव्हा हळदीच्या पाण्याचा ओघळ वाटतो. पुतणीने शाळेत शिकलेले सांगितले. एका पट्ट्यातली शेकडो अ‍ॅस्पेन पुष्कळदा एकच झाड असते. खाली मूळ एक, वर खोडे अनेक. म्हणूनच एक पट्टा एकाच दिवशी पिवळा होतो आणि शेजारचा आठवडाभर हिरवाच राहतो.

उतार लागला. ब्रेक तापू नयेत म्हणून भावाने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली. इंजिन घुमू लागले. आणि कुंपण सुरू झाले. उजवीकडे काटेरी तारेचे कुंपण, डावीकडे काटेरी तारेचे कुंपण. मैलोन्‌मैल. मधूनच एखादे लाकडी तोरणासारखे प्रवेशद्वार, त्यावर लोखंडात कापलेले रँचचे चिन्ह. घर कुठे दिसतच नाही. रँच म्हणजे शेत नव्हे. ते चराऊ रानाचे साम्राज्य असते. या रस्त्यालगतची ट्रिंचेरा नावाची रँच एक लाख सत्तर हजार एकरांच्या आसपास आहे. २०१२ साली तिच्या मालकाने तेथे कायमस्वरूपी बांधकाम न करण्याचा करार केला आणि एवढा मोठा मुलूख बंगल्यांपासून वाचला. एका माणसाच्या शब्दावर एक पर्वत वाचू शकतो, हे ऐकून आनंद झाला. एका माणसाच्या शब्दावर तो बुडूही शकला असता, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

रँचच्या प्रवेशद्वारांत मला एक नवलाची वस्तू दिसली. रस्त्यात आडवा चर खणून त्यावर थोड्या थोड्या अंतराने लोखंडी नळ्या टाकलेल्या. तिकडे तिला 'कॅटल गार्ड' म्हणतात. गाडी खडखडत वरून जाते, माणूस जपून चालत जातो. गुरे मात्र तेथेच थांबतात. खूर फटीत अडकेल हे त्यांना कळते. काही ठिकाणी तर चर नसतोच, डांबरावर नुसते पांढरे पट्टे ओढलेले असतात. तरीही पुष्कळ गुरे ते ओलांडत नाहीत. भावाने आणखी एक गोष्ट सांगितली. या राज्याचा जुना कायदा असा, की दुसऱ्याची गुरे आपल्या शेतात शिरू नयेत असे वाटत असेल तर कुंपण आपण घालायचे. नीट कुंपण नसेल तर नुकसानभरपाई मागता येत नाही. आपल्याकडे नेमके उलट. गुरू शेतात शिरले की ते हाकलत कोंडवाड्यात नेतात आणि मालक दंड भरून सोडवून आणतो. लहानपणी आमची तांबू गाय दोनदा कोंडवाड्यात गेली होती. दुसऱ्या वेळी बाबांनी दंड भरला आणि मला चोप दिला, कारण राखण माझी होती आणि मी चेंडू खेळत होतो.

दुपारी फोर्ट गार्लंडला पोचलो. १८५८ ते १८८३ या काळात येथे लष्करी ठाणे होते. मातीच्या विटांच्या बराकी जपून ठेवल्या आहेत. आम्ही बाहेरूनच पाहिल्या, कारण पोटात कावळे ओरडत होते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांवरच्या घरात जेवलो. मी घरून आणलेली सुक्या बोंबलांची चटणी काढली. भावजयीने चारी खिडक्या उघडल्या. तिच्या डोळ्यांपुढे गाडी परत घेताना नाक मुरडणारा कर्मचारी उभा होता. तरी तिने स्वतः दोनदा वाढून घेतली.

उत्तरेला ब्लांका शिखर आकाशात चढले होते. नवाहो लोकांचा तो पूर्व दिशेचा पवित्र पर्वत. आणि ही सारी रांग सांग्रे दे क्रिस्तो. ख्रिस्ताचे रक्त. पहाटे किंवा सांजवेळी शिखरांवर चढणाऱ्या तांबूस छटेवरून हे नाव पडले असे सांगतात. भर दुपारी मात्र डोंगर निळेराखाडीच होते.

येथून दक्षिणेला सोळा मैलांवर सान लुइस. कोलोरॅडो राज्यात सलग वस्ती असलेले सर्वांत जुने गाव. स्थापना १८५१. आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचे गाव कोणी जुने म्हणणार नाही. माझ्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदींच्या काही वह्याच त्याहून थकलेल्या आहेत. पण हे गाव पाहताच मला घरी आल्यासारखे झाले. मातीची घरे, एक मोठा रस्ता, चर्चचा मनोरा आणि चर्चच्या मागून वाहणाऱ्या पाण्याची चाहूल. जुलैच्या अखेरीस येथे संत याकोब आणि संत आन्ना यांचा उत्सव होतो. त्याच सुमारास आपल्या आगाशीच्या सेंट जेम्स चर्चचा सण असतो. याकोब एकच. एका टोकाला पोर्तुगीजांबरोबर आला, दुसऱ्या टोकाला स्पॅनिशांबरोबर.

या खोऱ्यात वर्षाला सुमारे सात इंच पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैतले दोन-तीन दिवस तेवढा देऊन जातात. म्हणून पहिल्या वसाहतकऱ्यांनी आल्या आल्या पाट खणला. 'सान लुइस पीपल्स डिच'. १८५२ सालचा. राज्यातील सर्वांत जुना अखंड चालू असलेला पाणीहक्क या पाटाचा. अशा पाटाला ते 'असेकिया' म्हणतात. शब्द अरबी वळणाचा, स्पेनमार्गे आलेला. पाटावर एक माणूस नेमलेला असतो. कोणाला केव्हा किती पाणी ते तो सांगतो, आणि वसंतात साऱ्यांनी मिळून गाळ काढायचा. खानदेशातल्या फड पद्धतीविषयी वाचलेले मला आठवले. तेथल्या पाटकऱ्याचे काम हेच. जगाच्या दोन टोकांना तहानलेल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच उपाय शोधला.

गावाला लागून एक सहाशेहून अधिक एकरांचे कुरण आहे. 'ला व्हेगा'. ते कोणा एकाचे नाही, गावाचे. आपण ज्याला गायरान म्हणत होतो, तेच. 'म्हणत होतो' असे लिहावे लागते, कारण आता आपल्या परिसरात ते शोधून दाखवावे लागते.

टेकडीवर क्रूसाची वाट आहे. स्थानिक शिल्पकार उबेर्तो माएस्तास यांनी घडविलेली ब्राँझची शिल्पे. गावच्या भाविकांनी श्रम व पैसा घालून हे स्थान उभारले. १९९० साली ते खुले झाले. वाट एका मैलाच्या आतली, पण आठ हजार फुटांवर मैल लांब होतो. तिसऱ्या स्थानापाशी, जेथे प्रभू प्रथम पडतो, तेथे मीही दगडावर बसलो. पुतणी म्हणाली, "फादरकाका, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटले, "अजून अकरा आहेत." माथ्यावर पुनरुत्थानाचे पंधरावे शिल्प आणि त्यापुढे एक चॅपेल. तिथून सारे खोरे दिसते. हिरव्या अरुंद पट्ट्या, पाटाची चमक, कुरण, आणि पूर्वेला डोंगर.

चॅपेलच्या सावलीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर रुंद काठाची हॅट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझी कॉलर पाहून उठून उभे राहिले. कुठून आलात, विचारले. भारत म्हटल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले, जणू नकाशा पाहत होते. मी पूर्वेकडच्या डोंगराचे नाव विचारले. ते म्हणाले, "ला सिएरा." मग त्यांनी जे सांगितले, ते मी नंतर वाचून ताडून पाहिले. खरे आहे.

मेक्सिकोच्या अमदानीत, १८४४ साली, दहा लाख एकरांचा हा मुलूख इनाम दिला गेला. पुढे तो कार्लोस बोबियन या माणसाकडे आला. त्याने वसाहतकऱ्यांना आणले, पाण्यालगतच्या जमिनी दिल्या. पण जमिनीच्या तुकड्यावर थंडी निघत नाही. सरपण हवे, घराला वासे हवेत, उन्हाळ्यात गुरांना वरचे गवत हवे. म्हणून १८६३ साली त्याने लेखी दिले की गावच्या लोकांना कुरण, पाणी, सरपण आणि इमारती लाकूड यांचा उपभोग घेता येईल. मालकी बदलत गेली, पण लोक डोंगरावर जात राहिले. १९६० साली उत्तर कॅरोलिनातला लाकडाचा व्यापारी जॅक टेलर याने डोंगरावरचे सुमारे सत्त्याहत्तर हजार एकर विकत घेतले आणि वाटा बंद केल्या. १९८१ मध्ये गावकऱ्यांनी दावा लावला. २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या १८६३ च्या कागदाचा आधार घेऊन चराई, सरपण व इमारती लाकूड हे हक्क परत मिळाले. बेचाळीस वर्षे! दरम्यान डोंगराचे मालक बदलले. नव्या मालकाच्या उंच कुंपणावरून अलीकडे पुन्हा वाद पेटला आहे.

"गेट बंद झाले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "वडील घोडागाडी घेऊन निघाले आणि रिकामे परत आले. असे परत आलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. त्या हिवाळ्यात आम्ही सरपण विकत घेतले. डोंगर खिडकीतून दिसत होता." त्यांनी जुडग्यातून एक किल्ली वेगळी करून दाखवली. "ही त्या गेटची. वारसांना मिळाली. वडिलांना मिळायला हवी होती." मग हसून म्हणाले, "शिकारीचा, मासेमारीचा, फिरण्याचा हक्क मात्र कोर्टाने दिला नाही. मी लाकूड आणू शकतो, नातवंडांना घेऊन वनभोजन करू शकत नाही. म्हणून आम्ही लाकूड फार सावकाश तोडतो." आणि मग सहज, केवळ पाहुण्याशी बोलणे वाढवावे म्हणून त्यांनी विचारले, "फादर, तुमच्या गावाला डोंगर आहे?"

"डोंगर नाही," मी म्हणालो. "एक बावखल आहे."

बावखल म्हणजे काय हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. वाचकहो, तुम्हाला सांगायला नको. वाडीतले छोटे तळे, पावसाचे पाणी धरून ठेवणारे, विहिरींना गोड ठेवणारे. आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला असे एक बावखल आहे. त्यामागे एक पाडा. तिथली माणसे तीन पिढ्या आमच्या वाडीत राबली. आईच्या हाताखाली केळी लावली, पानवेली बांधल्या, मोगरा खुडला. आमच्या वाडीतून त्यांची एक पायवाट होती. बावखलावरून, आंब्याखालून, थेट चर्चच्या रस्त्याला. धुणे, गुरे, शाळेची पोरे, एकदा तर मयतदेखील त्याच वाटेने गेली.

आई गेल्यावर वाडी उघडी पडली. शेजारच्या दोन वाड्या विकल्या जाऊन तेथे इमारती उठल्या. कचरा येऊन पडू लागला. दलाल येऊन पावलांनी जमीन मोजू लागले. एका वकिलाने मला सल्ला दिला. वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क लागतो. तुमच्याकडे तर कधीचाच लागला आहे, पण ही माणसे कोर्टात जाणारी नव्हेत. भिंत घाला, फाटक करा, कुलूप लावा. मी १८८२ चा सुखाधिकार कायदा त्या रात्री चाळून पाहिला. वकील खरे बोलत होता. कायदा त्या माणसांच्या बाजूने होता, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि हे मला ठाऊक होते. २०२१ साली भिंत उभी राहिली. पैसे भावाने पाठवले.

काही दिवसांनी त्या पाड्यातली म्हातारी मला चर्चच्या आवारात भेटली. आईच्या शेवटच्या आजारात तिने आईचे पाय चेपले होते. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "फादर, आता रस्त्यानं फिरून येते. जवळच हाय." जवळ नाही. सव्वा मैल आहे, आणि तिचा गुडघा दुखतो. तिने माझी लाज राखली. मी तिचे आभार मानून मिस्सा करायला गेलो.

त्या वृद्धांना यातले मी काही सांगितले नाही. त्यांनी आशीर्वाद मागितला, मी हात उचलला. तो हात मला फार जड वाटला.

संध्याकाळी आम्ही परत फोर्ट गार्लंडवरून, ब्लांकाला वळसा घालून, ग्रेट सँड ड्यून्सच्या दिशेने गेलो. पर्वताच्या पायथ्याशी वाळूचे पर्वत! उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच वाळूचे डोंगर, जवळजवळ साडेसातशे फूट. वारा एका बाजूने वाळू आणतो, खिंडीतून येणारा दुसरा वारा ती परत लोटतो, आणि ओढे ती वाहून पुन्हा वाऱ्याच्या हाती देतात. या खोऱ्याच्या पोटात अमाप पाणी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीने ते उपसून शहरांना विकण्याचा घाट घातला होता. शेतकरी, रँचवाले, सारे एकत्र आले आणि १९९१ मध्ये न्यायालयात जिंकले. पुढे २००४ साली ही वाळू राष्ट्रीय उद्यान झाली. मी सेमिनरीत होतो तेव्हा आपल्याकडेही टँकर रात्रंदिवस विहिरी उपसत होते, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले होते. आम्ही सेमिनेरियन सुटीत घरी आलो की मोर्चात घोषणा देत असू. घोषणा देणारा तो मुलगा आणि फाटकाला कुलूप लावणारा हा फादर एकाच बाप्तिस्म्याचे.

मुक्कामाच्या जागी कुंपण नव्हते. दोन गाड्यांमध्ये एक झुडूप, एवढीच हद्द. शेजारच्या गाडीतले वयस्क जोडपे येऊन मक्याची भाजलेली कणसे देऊन गेले. जेवणाच्या मेजावर पांढरे कापड अंथरून मी रविवारची मिस्सा केली. वाळूवरचा उजेड विझत होता आणि मागे सांग्रे दे क्रिस्तोच्या रांगेवर थोडा वेळ, फार थोडा वेळ, लाली चढली. प्याला उचलताना ती मला खिडकीतून दिसली.

रात्री भावजय व पुतणी निजल्यावर आम्ही दोघे बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसलो. थंडी होती. एवढे तारे मी लहानपणी वाडीतच पाहिले होते. वाडीचा विषय निघणार हे दोघांनाही माहीत होते. तीन आठवड्यांचे निमंत्रण त्यासाठीच होते. विकायची की ठेवायची, ठेवली तर कोणी पाहायची.

"त्या आजोबांनी किल्ली दाखवली," भाऊ म्हणाला, "तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला."

मी गप्प राहिलो.

"दादा, भिंतीचे पैसे मी पाठवले. पण वाट कोणाची बंद होते, हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला वाटलं, फाटक उघडंच असतं."

ते खरे होते. मी त्याला फोनवर 'सुरक्षितता' हा शब्द सांगितला होता. माणसे सांगितली नव्हती. सेमिनरीत आम्हाला विवेकतपासणी शिकवतात. वगळलेल्या गोष्टींचेही पाप असते, हे मी शेकडो वेळा कन्फेशनमध्ये इतरांना समजावले आहे.

"कुलपाच्या किल्ल्या किती?" त्याने विचारले.

"तीन. एक माझ्याकडे, एक वाडी राखणाऱ्याकडे. एक तुझ्यासाठी आणली आहे. बॅगेत आहे."

"मला कशाला?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वाळूवरून वारा येत होता. दूर कुठेतरी कोल्ह्यासारखा आवाज उठला. भाऊ म्हणाला, कायोटी.

वाडीचे काय करायचे हे त्या रात्री ठरले नाही. अजूनही ठरलेले नाही. दलालांचे फोन येतात. भावाचे म्हणणे, मुलगी कधी वसईला राहायला येणार नाही, आणि ते खोटे म्हणता येत नाही. माझी बदली कुठेही होऊ शकते. ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर मी एवढेच केले, की वाडी राखणाऱ्याला सांगून फाटकाचे कुलूप काढून घेतले. वाटेवर कमरेएवढे गवत माजले होते. ते कापायला दोन दिवस लागले. पाड्यात निरोप पाठवला.

आठवडाभर कोणीच आले नाही. मग एका सकाळी ती म्हातारी आली. फाटक सताड उघडे होते. ती बाहेरच थांबली, पदर सावरला आणि मला विचारले, "फादर, इथून जाऊ?"

सत्तर वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते.